सुरक्षित अंतर ठेवा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला दोनच गोष्टींचं भय असतं. एक ऑडिटर आणि दुसरी फट. त्यातला ऑडिटर येतो, चहा पितो, शेरे मारतो आणि जातो. फट मात्र रोजची. फट म्हणजे दाराखिडकीची नव्हे. चेकवर दोन शब्दांमध्ये किंवा दोन आकड्यांमध्ये जी मोकळी जागा राहते, ती. एखादा खातेदार ‘पाच हजार’ हे शब्द ओळीच्या मधोमध, नवरदेव पाटावर बसवावा तसे ऐटीत बसवून चेक पुढे करतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. कारण त्याने डावीकडे सोडलेल्या त्या प्रशस्त अंगणात ‘एक लाख’ हे दोन शब्द आरामात पाय पसरून बसू शकतात! म्हणून आम्ही येईल त्याला सांगतो, बाबा रे, अगदी डाव्या कडेपासून सुरुवात कर, शब्द खेटून लिही, शेवटी ‘फक्त’ लिही आणि उरलेल्या जागेवर आडवी रेघ ओढ.

गंमत अशी की हाच मी काउंटरसमोरच्या माणसांना बरोबर उलटं सांगत असतो. ‘पिवळ्या पट्टीच्या मागे राहा’, ‘दोघांमध्ये अंतर ठेवा’. आपल्याकडे रांग म्हणजे पुढच्याच्या पाठीवर मागच्याची हनुवटी, अशी समजूत आहे. २०२० साली दुकानांपुढे आणि बँकांपुढे जमिनीवर गोल आखले होते, तेव्हा त्या एका गोलात तिघे तिघे उभे राहून ‘अंतर ठेवा हो!’ असं चौथ्याला ओरडून सांगायचे. ट्रकच्या पाठीवर तर हा उपदेश कायमचाच रंगवलेला. ‘सुरक्षित अंतर ठेवा.’ पण ते नेमकं किती, हे ट्रकवाला सांगत नाही. ते वाचता येण्याइतके आपण जवळ गेलो, म्हणजेच ते सुटलं, एवढंच कळतं.

तर किती अंतर म्हणजे योग्य अंतर, हा प्रश्न मला माणसांच्या बाबतीत आजवर सुटलेला नाही. पण तोच प्रश्न अक्षरांच्याही घरात आहे, आणि तिथे तो चांगलाच पेटलेला आहे, हे मला संगणकावर चित्रं आणि फलक करायच्या नादाला लागल्यावर समजलं.

हा नाद काही फार खर्चिक नाही. गिंप नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. १९९५ साली अमेरिकेत, बर्कलेच्या विद्यापीठात, स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते करायला घेतलं, १९९६ साली लोकांपुढे ठेवलं आणि फुकट ठेवलं. ‘फुकट’ या शब्दाचा महिमा बी.कॉम. झालेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. फोटोशॉप त्याच्याही आधीचं, १९९० सालचं, आणि नामांकित. पण त्याला भाडं भरावं लागतं. घरभाड्यापासून सुटण्यासाठी ज्याने वीस वर्षं कर्जाचे हप्ते फेडले, तो माणूस अक्षरांसाठी नवं भाडं कशाला सुरू करील?

शिवाय गिंपमुळे इमारतीत माझी प्रतिष्ठा वाढली. ‘उद्या टाकी धुणार, पाणी येणार नाही’ यापासून ‘सार्वजनिक सत्यनारायण’ यापर्यंत सगळे फलक माझ्याकडे येतात. आमच्या हिचं मत जरा वेगळं आहे. ती म्हणते, “दिवसभर बँकेत आकडे जवळ आणायचे आणि रात्री घरी अक्षरं लांब करायची! त्यापेक्षा भाजी निवडली असती तर काही पदरात पडलं असतं.”

आता लांब करायची म्हणजे काय करायचं? गिंपमध्ये टी ही कळ दाबली की मजकूर लिहायचं हत्यार हातात येतं. त्याच्या पर्यायांत खाली दोन चौकटी असतात. एक ओळींमधल्या अंतराची आणि दुसरी अक्षरांमधल्या अंतराची, म्हणजे लेटर स्पेसिंगची. दोन्हींत शून्य असतं. आकडा वाढवला की अक्षरं एकमेकांपासून दूर सरकतात, आणि शून्याच्या खाली उतरवला की एकमेकांच्या अंगावर येतात. दोनच अक्षरांचं भांडण मिटवायचं असेल तर सगळ्या ओळीला त्रास देण्याचं कारण नाही. तेवढी अक्षरं निवडायची, ऑल्टची कळ धरायची आणि डावा किंवा उजवा बाण दाबायचा. या मधस्थीला छपाईच्या भाषेत कर्निंग म्हणतात. फोटोशॉपमध्ये तर हे अंतर ‘एम’च्या हजाराव्या भागात मोजतात, आणि एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढी रुंदी. आम्ही बँकवाले रुपयाचे शंभर भाग करून स्वतःला काटेकोर म्हणवतो. इथे हजार! ही मंडळी कॅशमध्ये असती तर शाखेचा हिशोब मध्यरात्रीपर्यंत मिटला नसता.

ही सगळी यंत्रणा उभी राहिली ती मुळात इंग्रजी अक्षरांच्या स्वभावाप्रमाणे. इंग्रजी अक्षरं म्हणजे स्वतंत्र बंगल्यात राहणारी माणसं. ज्याचं त्याचं कुंपण वेगळं. ‘ए’ वर निमुळता आणि ‘व्ही’ खाली निमुळता. ते शेजारी आले की मध्ये उगाच एक तिरपा बोळ पडल्यासारखा दिसतो. मग तेवढ्या जोडीला जरा जवळ सरकवतात. बाकी त्यांना कितीही लांब नेऊन ठेवा, त्यांची तक्रार नाही. जुन्या काळी जर्मन लोकांना एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असला, तर ते त्या शब्दातली अक्षरं लांब लांब छापत. अंतर वाढलं की महत्त्व वाढलं! साहेबाच्या केबिनचंही तेच तत्त्व आहे.

आपली देवनागरी म्हणजे चाळ. सगळ्या बिऱ्हाडांवर एकच छप्पर. या छपराला शिरोरेषा म्हणतात. खाली कोणी काना लावून उभा आहे, कोणाच्या पायाशी उकार लोंबतोय, कोणाच्या डोक्यावर रफार बसलाय. पण वरची रेघ अखंड. एका घरातून दुसऱ्या घरात जायला अक्षराला रस्त्यावर उतरावं लागत नाही, गॅलरीतूनच जाता येतं. आता या चाळीला तुम्ही ‘लेटर स्पेसिंग पंधरा’ असा हुकूम दिलात तर काय होईल? जोडाक्षरं फुटत नाहीत, वेलांट्या आणि मात्राही आपापल्या अक्षराला धरून राहतात, एवढी समज आजच्या सॉफ्टवेअरला आहे. पण छप्पर तुटतं. प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावरचा तुकडा घेऊन वेगळं उभं राहतं. ‘मंगलाष्टक’ हा शब्द मग पावसात छत्र्या उघडून बसची वाट बघणाऱ्या लोकांसारखा दिसतो. आणि जुन्या पद्धतीचा फाँट असेल, म्हणजे ज्यात काना हासुद्धा एक सुटा तुकडाच असतो, तर मग विचारूच नका. तिथे अक्षर एकीकडे, काना दुसरीकडे. पुन्हा मध्ये एवढी जागा की कान्याला वाटावं आपण एक आकडा आहोत.

आमच्या पूर्वजांनी या प्रश्नाची मुळंच उपटून टाकली होती. मोडी लिहिणारे कारकून आधी ओळभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग त्या रेघेला, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी, अक्षरं लटकवत. अक्षरांत फट नाहीच, पण दोन शब्दांतही नाही. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. चेक लिहायला याहून सुरक्षित लिपी नाही! उलट टोकाला आमचे गुजराती शेजारी. त्यांनी रेघच काढून टाकली. आज जी गुजराती लिपी आपण बघतो ती पूर्वी शराफी किंवा महाजनी म्हणून ओळखली जायची, म्हणजे पेढीवरची, हिशोबाची लिपी. अक्षर कळलं की झालं, वरच्या छपराचा खर्च कशाला? आता त्यांच्या अक्षरांमध्ये हवं तेवढं अंतर टाका, मोडायला काही नाहीच. व्यापारी माणूस शंभर वर्षं पुढचं बघतो म्हणतात ते खोटं नाही.

आपण मात्र मधल्यामध्ये राहिलो. छप्पर ठेवलं आणि वर इंग्रजी फॅशनही हवी. याचा पहिला पुरावा म्हणजे फॉर्मांवरचे चौकोनी रकाने. ‘एका रकान्यात एक अक्षर लिहा.’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा मराठीत छापलं, त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे. खातं उघडायला आलेल्या एका आजींनी मला विचारलं होतं, “लक्ष्मी या नावाला रकाने किती घेऊ?” मी म्हटलं, “दोन.” त्या म्हणाल्या, “आणि वेलांटी?” वेलांटी मी त्याच घरात कोंबायला सांगितली. आजी पेन खाली ठेवून म्हणाल्या, “एवढ्याशा खोलीत लक्ष्मी कोंडून ठेवायची नसते, बाळा.” बँकेत उभं राहून कोणी हे वाक्य म्हटल्यावर त्याला उत्तर नसतं.

अंतर कमी करण्यातही धोका आहेच. मराठीत ‘र’ आणि ‘व’ ही दोन सोज्वळ अक्षरं आहेत. पण ती फार जवळ आली की त्यांचा ‘ख’ होतो. ओळ एका रेषेत बसावी म्हणून एका मंडळाने आपल्या फलकावरची अक्षरं उणे आकडा टाकून आवळली. मूळ मजकूर होता, ‘सर्व मंडळी पहाटे ५ वाजता रवाना होतील.’ फलकावर सर्व मंडळी पहाटे पाच वाजता खाना झाली. बघणारे थांबून विचारत होते, कोणाचा?

याहून भयंकर प्रकार म्हणजे तुटलेलं छप्पर शाकारण्याचा. कोपऱ्या-कोपऱ्यावर लागणारे वाढदिवसांचे फ्लेक्स तुम्ही बघताच. त्यांत नावं भरदार दिसावीत म्हणून अक्षरं ताणतात, रेघ तुटते, मग ती तुटलेली दिसू नये म्हणून दुकानातला पोरगा वरून एक लांबलचक पट्टी ओढून देतो. झालं, सगळी अक्षरं एका रांगेत! पण देवनागरीत सगळ्याच अक्षरांच्या डोक्यावर पुरतं छप्पर नसतं, हे त्या पोराला कोण सांगणार? ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक काय तो डाव्या कोपऱ्यातल्या जरा उघड्या आभाळाचा. ‘ध’ आणि ‘घ’ यांचंही तेच. ती फट बुजवली की ‘भ’चा ‘म’ झाला आणि ‘ध’चा ‘घ’. आमच्या नाक्यावर एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाला ‘मावी नगरसेवक’ आणि ‘हार्दिक शुमेच्छा’ असा पंधरा फुटी फ्लेक्स लागला होता. साहेब आठवडाभर त्याखाली उभे राहून हार घेत होते. निवडणूक हरले. कारणं दुसरीही असतील.

अक्षराच्या एवढ्याशा फरकाने केवढा घात होतो, हे मराठी माणसाला निराळं सांगायला नको. ‘नारायणरावास धरावे’ या मजकुरात आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, अशी आख्यायिका आहे. खरं-खोटं काहीही असो, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे मारले गेले, हे खरं. तेव्हापासून ‘ध’चा ‘मा’ करायला निदान कारस्थान लागतं अशी आपली समजूत होती. आता ‘ध’चा ‘घ’ करायला फ्लेक्सवाल्याचा माऊस पुरतो.

एवढा सगळा अभ्यास माझ्याजवळ साठलेला असताना, गेल्या वर्षी आमच्या खालच्या मजल्यावरच्या भाऊंच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका करायचं काम माझ्याकडे आलं.

सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमा बघून झाल्या. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस. त्याला हजाराने गुणून वर्षांनी भागलं की ऐंशी वर्षं आणि वर नऊ-दहा महिने होतात. (व्याज काढायची सवय असली की अशी उत्तरं पटकन येतात.) भाऊंनी त्यातली तीस-बत्तीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवली. १९६२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ते तिथे चिकटले. शिशाचा एकेक खिळा केसमधून उचलायचा, स्टिकमध्ये उलटा लावायचा, ओळ भरली की गॅलीत. इंग्रजीची अक्षरं सव्वीस, फार तर लहान-मोठी मिळून बावन्न. मराठीच्या केसमध्ये मात्र जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा धरून घरं शेकड्यांनी. कुठल्या घरात कोण राहतं हे भाऊंच्या बोटांना आजही माहीत आहे. मुंबई म्हणजे १८६९ साली निर्णयसागर सुरू करणाऱ्या जावजी दादाजींचं गाव. त्या गावात ज्याने खिळे जुळवले, त्याला तुटकी शिरोरेषा दिसली तर काय होईल? आमच्या सत्यनारायणाच्या फलकापुढे भाऊ नुसते थांबले तरी माझ्या छातीत ऑडिटर आल्यासारखं होतं. ऐंशी वर्षांत त्यांनी लोकांच्या हजारो पत्रिका जुळवल्या. ही त्यांची स्वतःची पहिली. लग्नातली त्यांच्या वडिलांनी दुसऱ्याच छापखान्यातून आणली होती, ती स्वस्त पडली म्हणून. त्यातल्या ‘चिरंजीव’ या शब्दातला अनुस्वार उडाला होता, हे भाऊ अजून विसरलेले नाहीत.

भाऊंचा मुलगा माझ्याच वर्गातला. वीस वर्षं झाली, सिएटलला असतो. त्याने तिथल्या कुठल्याशा लग्नाच्या पत्रिकेचा फोटो पाठवला. पांढरंशुभ्र कार्ड, मध्ये दोन नावं आणि प्रत्येक अक्षर दुसऱ्यापासून कोसभर लांब. रात्री त्याचा फोन.

“बघितलंस? किती एअरी दिसतंय! तसंच कर. लेटर स्पेसिंग चांगलं वाढव. अक्षरांना जरा श्वास घेऊ दे ना!”

“अरे, त्या अक्षरांना प्रत्येकी दोन दोन फुप्फुसं आहेत. आपल्याकडे सगळ्यांत मिळून एकच आहे.”

“तू पण ना! करून तर बघ.”

करून बघितलं. ‘सहस्रचंद्रदर्शन’ या शब्दाचे आठ तुकडे झाले आणि मध्ये सात फटी. एकेक चंद्र वेगळा मोजता यावा असा तो शब्द दिसू लागला. मी तो त्याला पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, “मस्त! फक्त वरची लाईन तुटलीय. ती वरून एक सरळ मारून टाक.” वीस वर्षं अमेरिकेत राहून माणूस शेवटी आमच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्यापाशीच येऊन पोचला! मी वाद घातला नाही. सांगितलं तशी सरळ पट्टी वेगळ्या लेयरवर ओढली आणि सबंध पत्रिका पाठवून दिली. पहिलीच ओळ होती, ‘आमचे माऊ यांनी एक हजार चंद्र पाहिले.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “बाबांना दाखवू नकोस!”

पण इमारतीतल्या भिंतींना कान असतात आणि त्यातला एक आमच्या कन्येचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ स्वतः जिना चढून आले, हातात भिंग. म्हणाले, “दाखव बघू, माऊ कुठं बसलीय.”

मी पडद्यावर सगळं उघडून दाखवलं. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि त्या लेटर स्पेसिंगच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, “ही कशाची?” मी समजावून सांगितलं. आकडा वाढवला, कमी केला. रेघ तुटायची, जुळायची. भाऊ बघत राहिले.

“आमच्याकडे ओळ कमी भरली तर आम्हीही जागा घालत होतो,” ते म्हणाले. “पितळेची नाही तर शिशाची पातळ पट्टी. तीही जाड होत असली तर कागदाचा कपटा. पण घालायची ती दोन शब्दांच्या मध्ये. अक्षरांच्या मध्ये कपटा घातला की फोरमन कान धरायचा. म्हणायचा, ‘घरात भिंत घालतोस काय रे!’”

“पण त्याला मोकळं मोकळं हवंय, भाऊ.”

“मग दे की! नको कोण म्हणतंय? मोकळी जागा घराबाहेर द्यायची. समास वाढव. दोन ओळींच्या मध्ये जास्तीच्या शिशाच्या पट्ट्या टाक. मजकूर थोडा, कागद जास्त. अक्षराला हात लावू नकोस.”

मी लेटर स्पेसिंगच्या चौकटीत परत शून्य घातलं. ओळींमधलं अंतर वाढवलं. चारी बाजूंना समास सोडला. शीर्षकासाठी मुळातच रुंद असलेला एक फाँट निवडला, ज्यात अक्षराबरोबर रेघही रुंद असते, म्हणजे ताणावं लागत नाही. भाऊ मागून ‘थोडं वर’, ‘थोडं खाली’ करत होते. पत्रिका अशी काही उलगडली की मलाच ती घरी ठेवावीशी वाटली. फोटो सिएटलला गेला. तिकडून उत्तर, “परफेक्ट! हेच तर मी म्हणत होतो. एअरी!” भाऊंनी भिंग पुसलं. “तो लहानपणीही असंच करायचा,” एवढंच म्हणाले.

शेवटी खालची निमंत्रकांची ओळ राहिली होती. मुलगा आणि सून, कंसात सिएटल. मुलगी आणि जावई, कंसात नाशिक. भाऊंनी भिंग त्या ओळीवरून नेलं आणि थांबले.

“गावं काढ.”

“का हो? येणाऱ्यांना कळायला बरं की कोण कुठून आलंय ते.”

“ओळ फुटते,” भाऊ म्हणाले. “नावं तेवढी ठेव. माझ्या नावाखाली, एका ओळीत.”

मी मोजलं. दोन्ही गावांसकट ओळ एका रेषेत बसत होती, वर दोन अक्षरांची जागाही उरत होती. बेरजा तपासण्यात माझा जन्म गेला आहे आणि भाऊंचा ओळी मोजण्यात. त्यामुळे ही गोष्ट दोघांनाही माहीत होती. पण काही हिशोब ऑडिटला लावायचे नसतात. मी दोन्ही कंस पुसले. सगळी नावं एकमेकांजवळ सरकली. भाऊ म्हणाले, “आता ठीक आहे,” आणि रेलिंग धरून हळूहळू जिना उतरून गेले.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी मुलगा, सून, नातवंडं येऊन पोचली. छापलेली पत्रिका मुलाने हातात घेऊन ‘एअरी, एअरी’ म्हणत चौघांना दाखवली. भाऊंनी अंगठ्याचं नख शिरोरेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. नख कुठेही अडकलं नाही. खिळेजुळाऱ्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही, असं मला मागाहून काकूंनी सांगितलं.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर खुर्च्या मांडायला गेलो. मुलगा उत्साहाने दोन दोन खुर्च्यांमध्ये हातभर जागा सोडत चालला होता. म्हणत होता, पाहुण्यांना मोकळं वाटलं पाहिजे. भाऊ मागे हात बांधून बघत उभे होते. अर्धी रांग झाल्यावर त्यांना राहवेना.

“अरे, मध्ये फटी कसल्या सोडतोस?” ते ओरडले. “खेटून मांड! जागा लागली तर कडेला आहे की!”